ठिपक्यांमागचा चौकोन : बेला युलेस यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला घेतला की दोरा भोकाच्या अलीकडे-पलीकडेच जात राहतो. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असल्यामुळे प्रत्येकाला समोरचं दृश्य जरा वेगळ्या कोनातून दिसतं आणि या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणारं उपकरण, मांडून हे लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवून दिलं. पण मेंदू हा हिशेब कधी करतो? यावर बराच काळ एक समजूत टिकून होती. आधी दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतली वस्तू ओळखायची, हे झाड, ही खुर्ची, आणि मग जुळणी करायची.

ही समजूत मोडली ती एका इंजिनिअरने. बेला युलेस १९२८ मध्ये बुडापेस्टला जन्मले. १९५६ चा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा ते पत्नीसह देश सोडून अमेरिकेत आले आणि बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत रुजू झाले. मानसशास्त्राचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. विमानातून टिपलेल्या छायाचित्रांची जोडी स्टिरिओस्कोपमधून पाहिली की झाडोऱ्यात दडवलेली वस्तू उठून दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. एकट्या छायाचित्रात जी ओळखूच येत नाही ती जोडीत दिसते, तर ओळख आधी लागते असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

त्यांनी संगणकाला कामाला लावलं. दोन चौकोनी चित्रं, दोन्ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी कशीही भरलेली. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, अगदी तशी. दोन्हींतले ठिपके हुबेहूब सारखे. फक्त एका चित्रात मधल्या तुकड्यातले ठिपके किंचित बाजूला सरकवलेले आणि रिकामी झालेली जागा नव्या ठिपक्यांनी बुजवलेली. एका डोळ्याने कितीही निरखा, मुंग्याच दिसतात. पण दोन्ही चित्रं एकेका डोळ्यासमोर धरली की थोड्याच वेळात मधला चौकोन कागदापासून सुटून हवेत तरंगू लागतो. त्याच्या कडा रेखीव दिसतात, आणि त्या दोन्हींपैकी एकाही चित्रात नसतात! हे काम १९६० मध्ये प्रसिद्ध झालं. हाताने इतके ठिपके बिनचूक मांडणं जवळपास अशक्य होतं, म्हणून हा प्रयोग संगणकाच्या काळातच फळाला आला.

यातून संशोधकांना एक हत्यार मिळालं. हा चौकोन डोळ्याच्या पडद्यावर नसतोच, तो दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूत एकत्र आल्यानंतरच घडतो. मग एखादा दृष्टिभ्रम अशाच ठिपक्यांत दडवायचा. तरीही तो जाणवला, तर त्याचं मूळ डोळ्यात नसून पुढे मेंदूत आहे. डोकं न उघडता दृष्टीचे टप्पे वेगळे करता येऊ लागले. युलेस यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात या दृष्टीला ग्रीक पुराणातल्या एकाक्ष दैत्याचं, सायक्लॉप्सचं, नाव दिलं. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड मार आणि तोमासो पोज्यो या संशोधकांनी वस्तू किती लांब आहे हे संगणकाला 'पाहायला' शिकवताना हेच ठिपके घेतले.

मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त भावतं. १९६२ मध्ये त्यांनी पोतांविषयी (पृष्ठभागावरच्या बारीक नक्षीविषयी) एक अटकळ मांडली होती : दोन पोतांमध्ये ठिपक्यांच्या जोड्यांची आकडेवारी, म्हणजे ठराविक अंतरावरचे दोन ठिपके एकाच रंगाचे असण्याचं प्रमाण, सारखी असेल, तर ते एका नजरेत वेगळे ओळखता येणार नाहीत. नंतर या अटकळीला छेद देणारे नमुने सापडले, आणि ते शोधणाऱ्यांत ते स्वतः होते. आपलीच अटकळ सोडून त्यांनी १९८१ मध्ये 'टेक्स्टॉन' ही कल्पना मांडली. रेघांचे तुकडे, त्यांची टोकं असे छोटे घटक नजर आपसूक टिपते, असं तिचं म्हणणं.

१९८३ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, १९८९ मध्ये ते रटगर्स विद्यापीठात गेले. ३१ डिसेंबर २००३ रोजी त्यांचं निधन झालं.

तिरळेपणा किंवा आळशी डोळा असलेल्या मुलांना तपासताना हे ठिपके आजही वापरतात. साध्या चित्रात मूल एका डोळ्याने अंदाज बांधून उत्तर देऊ शकतं, इथे ते जमत नाही. प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दिसावं म्हणून लाल-हिरवा चष्मा लावून मूल ठिपक्यांच्या पानाकडे बघतं. पानावर दोन फुलपाखरं असतात. एक सगळ्यांनाच दिसतं, आणि दुसरं फक्त दोन्ही डोळे मिळून पाहत असतील तरच.