छाती उघडायची की पोटातूनच जायचे? जठराच्या वरच्या टोकाच्या कर्करोगाची पार्श्वभूमी

अन्ननलिका श्वासपटलातील (छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या स्नायूंच्या पडद्यातील) एका फटीतून पोटात उतरते आणि लगेचच जठराला मिळते. या संगमाजवळची कर्करोगाची गाठ छाती आणि पोट अशा दोन पोकळ्यांच्या सीमेवर बसलेली असते; तिच्यातील पेशी लसिकावाहिन्यांवाटे (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांवाटे) खाली जठराभोवतीच्या लसिकाग्रंथींकडे जातात तशाच वर छातीतील ग्रंथींकडेही जाऊ शकतात. त्यामुळे ती काढण्यासाठी कोणत्या बाजूने शिरावे, हा वाद शतकभर चालत आला.

पोटाची बाजू आधी सर झाली. थिओडोर बिलरोथ यांनी 1881 मध्ये व्हिएन्ना येथे कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग काढला, तर कार्ल श्लाटर यांनी 1897 मध्ये झुरिखमध्ये संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. छातीचे दार मात्र बंदच होते, कारण ती उघडताच बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटत असे. श्वासनलिकेत नळी घालून दाबाखाली हवा देण्याची पद्धत आल्यावर, 1913 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतून अन्ननलिकेचा कर्करोग काढला. पण तुटलेली टोके जोडण्याचे धाडस त्यांनी केले नाही. रुग्ण महिलेच्या मानेवरील छिद्रातून निघालेली रबरी नळी बाहेरूनच पोटावरील छिद्रात जात असे आणि घास त्या नळीतून जठरात पोचत असे. अशा अवस्थेत ती सुमारे 12 वर्षे जगली.

छातीतच जठर वर ओढून अन्ननलिकेला जोडण्याचे काम 1930च्या दशकात जपानमध्ये ओसावा यांनी आणि 1938 मध्ये शिकागोत ॲडम्स व फेमिस्टर यांनी यशस्वी केले. पोट आणि उजवी छाती अशा दोन्ही वाटांनी जाण्याची पद्धत आयव्हर लुईस यांनी 1946 मध्ये मांडली आणि ती त्यांच्या नावानेच रूढ झाली. याउलट, छाती न उघडता श्वासपटलाच्या फटीतून हात वर घालून अन्ननलिका मोकळी करण्याची ग्रे टर्नर यांची जुनी वाट ऑरिंजर यांनी 1978 मध्ये पुन्हा वापरात आणली. यात छातीवरचा आघात टळतो, पण वरच्या भागात सर्जनची बोटे बरेचसे काम न पाहता करतात आणि तिथल्या ग्रंथी पूर्ण काढता येत नाहीत.

दोन बाजूंचे सर्जन एकाच गाठीविषयी बोलत आहेत की नाही, हेच बराच काळ स्पष्ट नव्हते. जर्मनीत झीवर्ट आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात केलेल्या वर्गवारीने ती अडचण पुष्कळ कमी केली. गाठीचा मध्य संगमाच्या वर 1 ते 5 सेंटिमीटर असेल तर पहिला प्रकार, वर 1 ते खाली 2 सेंटिमीटर असेल तर दुसरा आणि खाली 2 ते 5 सेंटिमीटर असेल तर तिसरा. पहिला अन्ननलिकेसारखा आणि तिसरा जठरासारखा हाताळावा, यावर फारसे दुमत उरले नाही. भांडण दुसऱ्या प्रकारापाशी अडले.

त्यावर सर्वांत ठोस पुरावा जपानमधून आला. अन्ननलिकेत 3 सेंटिमीटरपर्यंतच शिरलेल्या जठराच्या कर्करोगाच्या 167 रुग्णांवरील चाचणीत डावी छाती व पोट उघडण्याची तुलना केवळ पोटातून फटीवाटे जाण्याशी करण्यात आली. छाती उघडण्याचा लाभ दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली गेली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पोटाच्या वाटेने 52.3 टक्के, तर छातीच्या वाटेने 37.9 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, पण छाती उघडलेल्यांत गुंतागुंतही जास्त होती; अशा रुग्णांत डावी छाती उघडण्याचे समर्थन त्यानंतर अवघड झाले. नेदरलँड्समधील 220 रुग्णांच्या चाचणीत (2002) मात्र गाठी प्रामुख्याने अन्ननलिकेच्या बाजूच्या होत्या आणि फटीवाटे जाण्याची तुलना उजवी छाती उघडण्याशी होती. तिथेही छाती उघडल्यावर फुप्फुसाच्या तक्रारी वाढल्या, एकूण जगण्यात निर्णायक फरक पडला नाही. तरी पहिल्या प्रकारात छातीच्या वाटेकडे कल दिसला. या दोन चाचण्या एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात, ते मला पटत नाही. त्यांचे रुग्णच वेगळे होते.

पुढे जपानमध्येच कर्करोग कोणत्या ग्रंथींपर्यंत पोचतो याचा नकाशा तयार झाला. 2021 च्या त्या अभ्यासानुसार गाठ अन्ननलिकेत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त शिरली असेल तर छातीच्या खालच्या भागातील आणि 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त शिरली असेल तर वरच्या भागातीलही ग्रंथी काढण्याचा विचार करावा लागतो. म्हणजे निवड आता प्रकाराच्या क्रमांकापेक्षा या लांबीवर ठरू लागली आहे. ही लांबी दुर्बिणीने मोजताना संगम नेमका कुठे धरायचा, यावरही एकमत नाही: जपानमध्ये अन्ननलिकेतील समांतर रक्तवाहिन्यांचे खालचे टोक धरतात, तर पाश्चात्त्य देशांत जठराच्या वळ्यांचे वरचे टोक.