मधमाश्यांची पेटी ठेवायची कुठे? आधी ओल बघा

ठाण्यात येऊरच्या बाजूला नाहीतर पारसिकच्या डोंगराखाली थोडी मोकळी जागा असली की हल्ली बऱ्याच जणांना मधमाश्यांची पेटी ठेवावीशी वाटते, फार चांगली गोष्ट आहे. मग नेटवर वाचायला मिळतं की दार दक्षिणेला करा, भरपूर ऊन मिळू दे. सल्ला खोटा नाही, पण तो इंग्लंड-आयर्लंडसारख्या देशांतला, जिथे पाऊस थंडीतही असतो आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला अगदी खाली असतो.

तिकडे कडाक्याच्या थंडीइतकीच भीती ओलीची. माश्या एकमेकींना चिकटून बसतात, मध खाऊन ऊब तयार करतात आणि असा एक किलो मध संपला की त्यातून सहाशे-सातशे ग्रॅम पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ती वाफ गार झाकणाला लागली की थेंब होऊन परत माश्यांच्याच अंगावर पडते. म्हणून तिथे खोलगट जागा टाळतात, उतारावरची गार दमट हवा तिथेच साचते ना.

आपल्याकडे थंडी कोरडी, ओलीचे दिवस जून ते सप्टेंबर. बाहेरची हवाच पाण्याने भरलेली मग पेटीतली वाफ जाणार कुठे, पोळ्याच्या चौकटींना बुरशी लागते, उघडा मध हवेतलं पाणी ओढून पातळ होतो आणि आंबतो. त्यात आपली सातेरी माशी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी मधमाशी. तिला दाराशी वारा घालताना एकदा नीट बघाच, तोंड बाहेर करून उभी असते, म्हणजे बाहेरची हवा आत ढकलत असते! युरोपियन माशी याच्या बरोब्बर उलट, तोंड आत करून आतली हवा बाहेर काढते. म्हणून सातेरीच्या दारासमोरची हवा कशी आहे याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. कंपाउंडच्या भिंतीमागचा शेवाळलेला कोपरा, गटाराची कड, असल्या जागा नकोतच.

पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो, तेव्हा दार पूर्वेला किंवा ईशान्येला करा आणि पाठीमागे थोडं अंतर सोडून कुंपण किंवा झाडी असू दे. दाट आंब्याखाली ठेवू नका, पाऊस थांबला तरी तो तासभर गळत राहतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली मात्र हवीच. स्टँड दीड-दोन फूट उंच, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या आणि पेटी दाराकडे किंचित उतरती, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जातं. भर पावसात फुलं कमी असतात, साखरेचा पाक द्यावा लागतो, नाहीतर सातेरी सरळ पेटी सोडून निघून जाते.

जागा उन्हाळ्यात ठरवू नका, तेव्हा सगळंच कोरडं दिसतं. ऑगस्टमध्ये दोन दिवस झड लागली की जाऊन बघा पाणी कुठे साचतंय, वारा कुठून आत घुसतोय, आणि पेटी ऑक्टोबर सरल्यावर आणा.