घंटेवरचे साल आणि देवळाचे साल

महाराष्ट्रातल्या काही देवळांत आणि घाटांवर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटा टांगलेल्या आहेत, आणि त्या मुळात देवळाच्याच म्हणणारेही भेटतात. देवळातली घंटा कशी असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ती साखळीला टांगलेली असते आणि भक्त तिचा लोलक हलवून ती वाजवतो. चर्चच्या मनोऱ्यात बहुधा दोरी ओढून अख्खी घंटाच झुलवतात. धातू दोन्हीकडे मुख्यतः तांबे आणि कथील हाच असल्याने ‘पंचधातूची आहे, म्हणजे आपलीच’ हा युक्तिवाद एकदाचा सोडून द्यावा.

खरा घोळ होतो तो घंटेवरच्या सालाचा. देवळासाठी घडवलेल्या घंटेवर साल असलेच, तर ते सहसा शके किंवा संवत असते आणि शेजारी अर्पण करणाऱ्याचे नाव असते, म्हणजे घंटा त्या देवाला केव्हा वाहिली एवढे ते सांगते. चर्चच्या घंटेवर रोमी अक्षरे, क्रूस आणि इसवी सनाचा आकडा असतो. तो आकडा घंटा ओतल्याचा असतो आणि ती पुढे कोणत्या गावी गेली याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो.

नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकर मंदिराची घंटा पाहा. ती वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून ओळखली जाते. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे, चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली ती मे १७३९ मध्ये, आणि मंदिर बांधले गेले १७४७ मध्ये. आकडा मंदिराचा मानला, तर मंदिर सव्वीस वर्षे आधीचे ठरते. आणि कोणी उत्साहाने तो शके समजून त्यात ७८ मिळवले, तर ते १७९९ चे, म्हणजे बावन्न वर्षे नंतरचे ठरते. ‘ही घंटा चिमाजी आप्पांनी येथे टांगली’ असे ठासून सांगणाऱ्यांना तर मला दर वेळी आठवण करून द्यावी लागते की आप्पा डिसेंबर १७४० मध्येच वारले होते.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील घंटेचेही तेच होते. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात आहे, त्यामुळे तिचे मूळ घर वेगळे सांगावे लागत नाही. तरीही ‘नाना फडणवीसांनी वसई जिंकून ती आणली’ असे सांगणारे भेटतातच. नानांचा जन्म १७४२ चा, वसई पडल्यानंतरचा.

म्हणून अशी घंटा दिसली, की मी आकडा शेवटी वाचतो. खाचांत बसलेले तेल आणि शेंदूर कोरड्या फडक्याने हलकेच पुसून बॅटरीचा उजेड आडवा टाकला, की अक्षरे उठून दिसतात, आणि त्यांत एखाद्या संताचे नाव निघाले, तर ती कोणत्या चर्चची होती हे शोधायला सालापेक्षा त्या नावाचाच अधिक उपयोग होतो.