‘घातलि’ की ‘घातली’: वृत्त, दुरुस्ती आणि अंगणातली हळद

मराठीत वृत्तबद्ध कविता मागे का पडली, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मुक्तछंदावर ढकलून लोक मोकळे होतात. लिहिणाऱ्याचे घोडे मात्र पुष्कळदा एखाद्या वेलांटीपाशी अडते, आणि त्या वेलांटीला स्वतःचा इतिहास आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. कृष्णाकाठच्या घराघरांत जात्यावर ओवी होती. तिला अक्षरांची काटेकोर मोजदाद नव्हती. कमी पडेल तिथे गळा स्वर लांबवून घेई. मोठ्या अभंगाला 6-6-6-4 अक्षरांचा बांधा होता. आणि चाफळ-सज्जनगडच्या परिसरात आजही पाठ म्हटले जाणारे मनाचे 205 श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: ओळीत 12 अक्षरे, ‘लगागा’ चार वेळा. ‘ल’ म्हणजे लघू, एका मात्रेचे अक्षर; ‘गा’ म्हणजे गुरू, दोन मात्रांचे. चाल इतकी ओळखीची की लहान मूलही चूक पकडते.

हाच साचा घेऊन सांगलीकडच्या शेतात उतरले की अडचण कळते. ऊस म्हणजे ‘गाल’, शाळू म्हणजे ‘गागा’. हे दोन्ही भुजंगप्रयातात बसतात. हळद बसत नाही. ह, ळ, द हे तिन्ही लघू, आणि भुजंगप्रयातात दोन लघू शेजारी येतच नाहीत. पळस, उंबर, करवंद, कडुनिंब यांचीही तीच गत. म्हणून रोजच्या डोळ्यांसमोरचे झाड किंवा पीक कवितेत आणायचे, तर एकतर संस्कृत पर्याय शोधायचा किंवा वृत्तच बदलायचे. पहिला मार्ग फार जणांनी धरला आणि कवितेतला निसर्ग पोथीतला झाला, असे माझे मत आहे.

दुसरा मार्ग मात्रावृत्ताचा, म्हणजे अक्षरांऐवजी मात्रा मोजण्याचा. ‘हळद वाळते’ हे दोन शब्द बोलण्यात येतात तसेच घेतले तरी बरोबर 8 मात्रा भरतात. पुढे ‘अंगणात अन्’ जोडले की आणखी 8, पादाकुलक या 16 मात्रांच्या वृत्ताची ओळ तयार. साताऱ्याजवळच्या मर्ढे गावाचे नाव आडनावात वागवणारा नवकवितेचा प्रवर्तक, बा. सी. मर्ढेकर, हाही ओवी, अभंग आणि पादाकुलकात लिहीत होता. त्यामुळे नवे म्हणजे मुक्तछंद हे समीकरण मुळातच चुकीचे आहे.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात, हळद आणायचीच असेल तर द्रुतविलंबित घ्यावे. त्याची सुरुवातच तीन लघूंची. त्याचे तीन-तीन अक्षरांचे गट, म्हणजे गण, असे: न, भ, भ, र.

हळद वाळत घातलि अंगणी

ह-ळ-द (ललल), वा-ळ-त (गालल), घा-त-लि (गालल), अं-ग-णी (गालगा). ओळ चोख आहे, पण ‘घातलि’ला वेलांटी पहिली दिली आहे. ही कवीने घेतलेली सवलत. मुद्रितशोधकाने नेहमीच्या हाताने ‘घातली’ केले की ‘भ’ गणाचा ‘र’ होतो आणि चाल तिथेच लंगडते. सवलत नको असेल तर ओळ पुन्हा लिहावी लागते: ‘हळद वाळत जोवर अंगणी’. वृत्त आता निर्दोष झाले, पण अर्थ हलला. झालेली गोष्ट सांगणारी ओळ काळाची मुदत सांगू लागली, आणि पुढच्या ओळीने ‘तोवर’ काय, ते सांगणे भाग पडले. वृत्तातली दुरुस्ती अशी असते. एक अक्षर काढले की शेजारची ओळ उघडी पडते.

वादाचा खरा मुद्दा 1962 चा. त्या वर्षी राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, ऱ्हस्वान्त शब्द दीर्घान्त लिहायचे ठरले. कवि, मति, तरु यांचे कवी, मती, तरू झाले. 1972 मध्ये आणखी चार नियम आले. शाळा, छापखाने आणि सरकारी कागद यांना एकसारखेपणा हवा होता, ते समजण्यासारखे आहे. पण गद्यात जो फरक फक्त दिसतो, तो पद्यात ऐकू येतो. ‘तरु’ म्हणजे ‘लल’, ‘तरू’ म्हणजे ‘लगा’. छंदशास्त्राच्या स्वतःच्या संज्ञाही यातून सुटल्या नाहीत: ‘लघु’चे ‘लघू’ झाले आणि त्याचे दुसरे अक्षर गुरू झाले.

नियम करणाऱ्यांना हे दिसत होते. वृत्तासाठी गरज पडेल तिथे कवीला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य असावे, असे नियमांतच लिहिले आहे. जुने पद्य मूळ वळणाने छापण्याची तरतूदही आहे. या दोन्ही तरतुदी वाचल्याच जात नाहीत. समासाची वाट तर सगळ्यांसाठी खुली आहे: पूर्वपद, म्हणजे समासातला पहिला शब्द, तत्सम ऱ्हस्वान्त असेल तर तो ऱ्हस्वच राहतो. ‘तरुतळी पडली सुकली फुले’ हे जोडून लिहिले तर नियमही पाळला जातो आणि द्रुतविलंबितही. तोडून ‘तरू तळी’ केले की पहिलाच गण गेला.

आणखी एक गोंधळ ऱ्हस्व आणि लघू एकच मानण्याचा. ‘कल्प’मधला क ऱ्हस्व आहे, पण पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘दुसऱ्या’ यांत आघात नाही, म्हणून तु, पु, स लघूच. नवखे लोक जोडाक्षर दिसले की मागचे अक्षर गुरू धरतात आणि बरोबर ओळ बिघडवतात. गझल लिहिणाऱ्यांनी लगावलीची, म्हणजे ओळीचे ल-गा मांडून पाहण्याची, सवय पुन्हा रुजवली, त्याने ही चूक बरीच कमी झाली असे मला वाटते.

आता टंकलेखन मोबाईलवर होते आणि शब्दसूचना ‘घातलि’ला टिकू देत नाही. म्हणून हस्तलिखितावर वृत्ताचे नाव लिहावे, सवलतीच्या प्रत्येक अक्षराभोवती गोल करावा आणि ‘ऱ्हस्व-दीर्घ मुळाबरहुकूम’ अशी सूचना वर द्यावी. अंतिम मुद्रित डोळ्यांनी तपासू नये, चालीत म्हणून तपासावे. सांगलीकडच्या औदुंबर गावी संक्रांतीला भरणाऱ्या साहित्य संमेलनात एखादा कवी ही ओळ म्हणेल, तेव्हा कागदावर ‘घातली’ छापले असले तरी ऐकणाऱ्याच्या कानावर ‘घातलि’च पडेल.