सेटअप फाइल नाही, मग भरवसा कशावर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट्स थांबली. विंडोज ११ जुन्या लॅपटॉपला दारातच उभं करत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानांतूनही जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवून घेणारे दिसू लागले. घरी गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "व्हिडिओ बघायच्या व्हीएलसीची सेटअप फाइल कुठनं उतरवायची?" ती उतरवायचीच नसते म्हटलं की दुसरा: "फुकटचं, कोण देतंय ठाऊक नाही, मग भरवसा काय?"

शंका रास्त आहे. गंमत अशी की फाइल कुठल्या सर्व्हरवरून आली याला लिनक्समध्ये फारसं महत्त्वच नाही.

इयान मर्डॉकने १९९३ मध्ये डेबियन नावाचं लिनक्स सुरू केलं. उबंटू त्यावर उभं आहे आणि मिंट उबंटूवर. डेबियन १३ च्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोठारात, ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार गठ्ठे, आहेत. या कोठाराच्या नकला जगभरच्या मिरर सर्व्हरांवर असतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरही असा मिरर चालवते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी' लिहा किंवा सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं बटण दाबा, ॲप्ट हे पॅकेजेस बसवणारं साधन ठरलेल्या मिररवरून पॅकेज आणतं आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेसही ओढून घेतं. कित्येक मिरर अजून साध्या एचटीटीपीवर चालतात. म्हणजे वाटेत कुणी फाइल बदलू शकतो. तरी चालतं, ते कसं?

इथं दोन गोष्टी कामाला येतात. पहिली हॅश. एसएचए-२५६ नावाची रीत कुठल्याही फाइलचा २५६ बिटांचा ठसा काढते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी सगळा ठसा पालटतो. अगदी रिकाम्या फाइललाही ठसा असतो आणि तो कागलला काढा नाहीतर हेलसिंकीला, सुरुवात 'ई३बी०सी४४२' अशीच होणार.

दुसरी गोष्ट सही, आणि माझा खरा जीव हिच्यात. कागद-पेन्सिल घ्या. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. ३३ आणि ३ हे आकडे जगजाहीर. ७ हा आकडा फक्त सही करणाऱ्याकडे. समजा फाइलचा ठसा ४ आहे. सही करणारा ४ चा सातवा घात काढतो: १६,३८४. त्याला ३३ ने भागून बाकी उरते १६. ही झाली सही. आता तुम्ही तपासा. १६ चा तिसरा घात ४,०९६, ३३ ने भागा, बाकी ४. ठसा परत मिळाला! वाटेत कुणी फाइल बदलून ठसा ५ झाला असता, तर सहीतून ४ च निघाला असता आणि चोरी उघडी पडली असती. ७ आणि ३ चीच जोडी का? ३ आणि ११ मधून एकेक वजा करून गुणा: २ × १० = २०. आणि ७ × ३ = २१, ज्याला २० ने भागल्यावर बाकी १. म्हणजे ७ शोधायला आधी ३३ चे अवयव पाडावे लागतात. तेहतीसचे तिसरीतलं पोरगंही पाडेल. डेबियनच्या ४,०९६ बिटांच्या किल्लीत ही संख्या बाराशेहून जास्त अंकांची असते. तिचे अवयव पाडायची व्यवहार्य रीत आजतरी कुणाच्या हाती नाही. खऱ्या सहीत आणखी बरीच भर असते, पण गाभा हाच.

आता साखळी जोडा. प्रत्येक पॅकेजचा ठसा एका यादीत, त्या यादीचा ठसा 'रिलीज' फाइलमध्ये, आणि रिलीज फाइलवर सही. सही तपासायची जाहीर किल्ली लिनक्स बसवतानाच तुमच्या मशीनमध्ये आलेली असते. कुठंही खोट निघाली की ॲप्ट अडून बसतं. 'हॅश सम मिसमॅच' असा संदेश दिसला तर लगेच घाबरू नका, बहुधा मिररच अर्धवट अपडेट झालेला असतो. थोड्या वेळानं पुन्हा करा. गुजरीत दागिना घेताना आपण हॉलमार्क बघतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की हा शिक्का एका वस्तूवरून काढून दुसरीवर मारता येत नाही.

काही दुकानांत सीपीयूवर लिंबू-मिरची लटकलेली असते आणि त्याच सीपीयूत कुठल्याशा साइटवरून उतरवलेलं क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, धावत असतं. लिनक्सवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. "आमच्यात व्हायरस नसतोच," ही त्यांची आवडती थाप. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या साइटवर घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप आत शिरू देणारी चोरवाट) असलेल्या आयएसओ फाइलकडे, म्हणजे लिनक्स बसवायच्या मूळ फाइलच्या नकलेकडे, वळवला होता. पहिली कडीच नकली, तर पुढची सही काय तपासणार? आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये लपवलेलं मागचं दार उघडकीला आलं. ते डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत रीतसर सहीनिशी पोचलं होतं. सापडलं कशामुळे? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं म्हणून. सही फक्त माल कुणाकडून आला ते सांगते, त्याच्या मनात काय होतं ते नाही.

यूट्यूबवरचा कुणी "ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवा" म्हणतो, तेव्हा तर ही सगळी साखळी बाजूलाच राहते. इंटरनेटवरची कुठलीशी स्क्रिप्ट सुडोच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकारानं थेट चालते आणि तिची सही कुणीच तपासत नाही. आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रॅमचं नाव टाकून बघा. बऱ्याचदा तो तिथंच असतो.