चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंत

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, ही वारकऱ्यांची खरी श्रीमंती. पण ती समता विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराच्या आत कधी गेली, हे विचारले की उत्तर थेट 1947 सालाजवळ येऊन थांबते.

1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून महार जातीत जन्मलेले संत चोखोबा (चोखामेळा) गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोर समाधी झाली आणि पुढची कित्येक शतके अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठी तीच हद्द ठरली. ज्यांच्या अभंगांवर कीर्तने रंगत, त्यांच्याच जातभाईंनी तिथूनच हात जोडून मागे फिरायचे.

1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह झाला, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रभर पेटला. पंढरपुरात तो निर्णायक ठरला तो अमळनेरच्या एका माजी शिक्षकाच्या, म्हणजे साने गुरुजींच्या, उपोषणाने. हे उपोषण आधीच्या कार्तिकीलाच व्हायचे होते. ज्येष्ठांच्या आग्रहावरून ते पुढे ढकलले गेले आणि मधल्या महिन्यांत गावोगाव सभा घेऊन लोकमत तयार करण्यात आले. पंढरपुरात उपोषणाला बसायला जागा मिळेना, शेवटी एका मठाने दार उघडले. 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू झाले. बाहेर विरोधकांच्या घोषणा होत्या: ‘जाव साने भीमा पार, नही खुलेगा विठ्ठल द्वार’.

खरा वाद मात्र याच उपोषणावर झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा येऊ घातला असताना जीव पणाला लावणे म्हणजे पुजाऱ्यांवर दडपण आणणे नव्हे का, असा एक पक्ष. ज्यांना साने गुरुजी गुरुस्थानी मानत, त्या गांधीजींनीही तार करून उपोषण सोडायला सांगितले. दुसरा पक्ष म्हणतो, कायद्याने फार तर कुलूप निघेल, गावाचे मन त्याने वळत नाही. मला हा दुसरा पक्ष पटतो. त्या दौऱ्यातल्या सभांनी मंदिरप्रवेश हा सवर्णांनी स्वतःच्या धर्माला विचारायचा प्रश्न केला, आणि भक्तीत दुसऱ्याचे दुःख आपले मानायचे असते हे कीर्तनाबाहेर आचरून दाखवले. दहाव्या दिवशी, 10 मे रोजी, मंदिरप्रवेशाला संमती मिळाली आणि उपोषण सुटले. विरोध मात्र तेवढ्याने संपला नाही. प्रवेशापूर्वी मूर्तीतले तेज मंत्रांनी पाण्याच्या घागरीत काढून घेतल्याची कथा पंढरपुरात आजही सांगितली जाते.

पुढचा झगडा पूजेच्या हक्काचा. भाविकांना होणारा त्रास आणि दक्षिणेवरून चालणारी अडवणूक यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 1968 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालानंतर 1973 चा कायदा झाला आणि बडवे, उत्पात ही पुजारी घराणी आणि इतर सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. प्रकरण कोर्टात गेले. 1985 मध्ये कारभार समितीकडे आला, तरी अंतिम निकाल लागायला जानेवारी 2014 उजाडले. त्याच वर्षी पुजाऱ्यांच्या नेमणुका सर्व जातींसाठी आणि स्त्रियांसाठी खुल्या झाल्या.