पाखरं बघायला निघताय? आधी तिथी बघा

पक्षी बघायला पहाटे जावं, हा नियम डोंगरात चालतो. समुद्रावर त्याला कुणी विचारत नाही. पूर्ण ओहोटीला अलिबागजवळच्या आक्षी-रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचे पक्षी पाण्यामागे लांब आत जातात आणि दुर्बिणीतून नुसते हलणारे ठिपके दिसतात. चढतं पाणीच त्यांना ढकलत आपल्या पुढ्यात आणतं. म्हणून गाठायचे ते भरतीआधीचे दोन तास.

त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तितकीच सरकते, म्हणून हे गणित जमतं. ते मुंबई-अलिबागचं आहे. मालवण-गोव्याकडे पाणी तासभर आधी चढतं आणि चढतंही कमी. नेमकी मिनिटं हवी असतील तर भरतीचा तक्ता बघावा, पण कुठला रविवार धरायचा हे कॅलेंडरवरच कळतं.

आमच्या मते सगळ्यात चांगल्या तिथी द्वादशी आणि त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाला, म्हणजे सातपासून पक्षी जवळ येत राहतात. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचं ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. चतुर्थी-पंचमीची भरती दुपारी तीन-पावणेचारची. तेव्हा समुद्राकडे बघितलं की सगळं काळं दिसतं. त्या दिवशी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उभं राहून उत्तरेकडे बघावं, हिवाळ्यातला सूर्य नैर्ऋत्येला असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी अर्ध्यावरच थांबतं आणि पक्षी लांबच राहतात. ऐन उधाणाला उलट होतं : बसायला वाळूच उरत नाही आणि थवे भलतीकडे निघून जातात.

ओळखायला सुरुवात चालीवरून करावी. चिखल्या (प्लोव्हर) धावतो, थबकतो, टिपतो, परत धावतो, कारण तो भक्ष्य डोळ्यांनी शोधतो. तुतारी (सँडपायपर) आणि तिची भावंडं चोच खुपसत पुढे सरकतात. अनेकांच्या चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की चिखलातली हालचाल न बघता कळते. लाटेच्या मागे-पुढे पळणारे पांढुरके सँडरलिंग कुणालाही ओळखू येतात. त्यांच्या पायाला मागचं बोट नसतं. कोरलची (कर्ल्यू) लांब बाकदार चोच आणि कालवफोड्याची (ऑयस्टरकॅचर) लालभडक चोचही चुकत नाही.

गोंधळ होतो तो चिखल्यांमध्ये. मान बघा. मागून पांढरा पट्टा गळ्याभोवती पूर्ण फिरला असेल तर केंटिश चिखल्या. मानेमागे सलग तपकिरी असेल तर वाळू चिखल्या. मग चोच बघा : तिची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर मोठा वाळू चिखल्या, तेवढीच किंवा कमी असेल तर छोटा. हे ताठ उभ्या पक्ष्यावर, बाजूनेच मोजावं. अंग फुगवून बसलेला पक्षी हमखास फसवतो.

भरतीला थवा वाळूवर विसावला की किमान ५० मीटर लांब थांबावं. माना ताठ झाल्या आणि पक्षी चालू लागले की आपण जास्त जवळ आलो. उडत्या थव्याच्या फोटोसाठी त्यांना मुद्दाम उठवणं हा निव्वळ आचरटपणा आहे. हिवाळ्यापुरत्या आलेल्या या पाहुण्यांनी परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात जळते.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) किनाऱ्यावर आणि रानात दोन्हीकडे चालते. किनाऱ्यावर स्कोप (तिपाईवरची एकडोळी मोठी दुर्बीण) असेल तर उत्तम, पण दहानंतर वाळूवरची हवा थरथरू लागली की ६०पट मोठं करून काही मिळत नाही, २५-३०वर यावं. भिंगावर खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं करावं.

तिथी जुळत नसेल तर सरळ मुरुडजवळचं फणसाड गाठावं. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६पासून अभयारण्य आहे. इथे घड्याळ सूर्याचं : सात ते साडेनऊ. निखार, नीलमणी, राखी कोतवाल असे मिश्र थवे किडे टिपत फिरतात. थवा आला की त्याच्यामागे धावू नये, उभं राहावं. पाच-दहा मिनिटांत तो डोक्यावरून जातो. जानेवारीपासून सावर आणि पांगारा फुलला की एका झाडाखाली तासभर बसलं तरी पुरे. दुपारी पाणवठ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत गाणीवर, लांबून नजर ठेवावी.

हिवाळी वटवटे (वॉर्बलर) मात्र डोळ्यांनी ओळखायचा हट्ट नको. दोन अक्षरी ‘चिस्‌-ली’ ऐकू आलं तर हिरवट पर्ण वटवट्या, झुडपातून कोरडं ‘चक्’ आलं तर बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या (रीड वॉर्बलर). पक्षी गप्प असेल तर वहीत नुसतं ‘वटवट्या’ लिहून पुढे चालू लागावं.